फोन आईच्या हातात द्या

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा अब्बांनी तिच्या उजव्या कानात अजान दिली आणि डाव्या कानात इकामत. जन्मलेल्या बाळाच्या कानावर पहिला शब्द हाच पडावा, अशी आमच्याकडची रीत. शेजारच्या घरी बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालत 'कुर्रर्र' करतात. मी त्या मुलीची फुप्पी, म्हणजे आत्याच. माणूस कानातून घरात येतो, हे दोन्ही समाजांनी कधीचंच ओळखलेलं आहे. पण तो कान ऐकतो का, हे तपासून घ्यायची रीत मात्र दोघांकडेही नाही.

त्या अजानमधलं तिला किती ऐकू आलं असेल, हा प्रश्न आम्हाला सव्वादोन वर्षांनी पडला.

तोवर संशय येत नव्हता असं नाही. मुलगी 'अम्मी' म्हणत नव्हती. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. मग अम्मी तिच्या मागे थाळी वाजवायची. मुलगी वळायची आणि घर सुटकेचा श्वास सोडायचं. "सुनती है, पलटती तो है." एका डॉक्टरांनीही सांगितलं की काही मुलं उशिरा बोलतात, थांबा. आम्ही थांबलो. थाळीच्या चाचणीने किती घरांना असं फसवलं असेल कोण जाणे! थाळी हा मोठा आवाज. तो ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणं ऐकू येतंच असं नाही. पुण्यात बेरा ही तपासणी झाली तेव्हा कळलं की दोन्ही कानांची श्रवणक्षमता कमी आहे, साधारण ६५ डेसिबलपर्यंतचं तिला ऐकू येत नाही. म्हणजे दार आपटलेलं कळतं, ट्रकचा हॉर्न कळतो, पण शेजारी बसून आई हळू आवाजात काय बोलते ते कळत नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातही दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असलेल्यांची नोंद वेगळी आहे, कारण ही माणसं ना पूर्ण बहिरी असतात, ना ऐकणारी. अशांचं निदान घरातल्या घरात सर्वांत जास्त चुकतं.

खरं तर झोपलेल्या नवजात बाळाच्या कानात छोटी तोटी ठेवून काही मिनिटांत प्राथमिक तपासणी होते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचे तज्ज्ञ सांगतात तो हिशोब आहे. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. त्याच्या यादीत ऐकण्याचा दोष आहे. तरी आमची मुलगी सव्वादोन वर्षांची झाली. यात इतरांचा दोष किती आणि आमचा किती, हा हिशोब मी आता सोडून दिला आहे.

मला सांगायचं आहे ते यंत्र लागल्यानंतरचं. कारण यंत्र लागलं की काम संपतं, असं आम्हालाही वाटलं होतं.

दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसली. मग थेरपिस्ट ताईंनी समजावलं की चष्मा लावला की दिसतं, तसं हे नाही. सव्वादोन वर्षं ज्या मेंदूला शब्द मिळालेच नाहीत, त्याला आता ते ओळखायला शिकवावं लागेल, आणि ते रोज. कोरेगाव भीमाहून पुणे तसं तीसेक किलोमीटर. पण नगर रस्ता आणि वाघोलीची गर्दी ज्यांना माहीत आहे, ते किलोमीटर मोजत नाहीत, तास मोजतात. भाऊ रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. म्हणून ठरलं ते असं: महिन्यातून एकदा पुण्याला जायचं आणि दर आठवड्याला एक तास व्हिडिओ कॉल.

अम्मीने विचारलं, "जिसको सामने का सुनाई नई देता, उसको फोन पे क्या सिखाएंगे?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला समजायला तीन महिने लागले, कारण मधे मी उभी होते.

मी शिक्षिका. बीएड झालेली, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी. घरात शिकवण्याचं काम निघालं की ते माझ्याकडे येतं, जसं घरात वायर जळाली की ते भावाकडे जातं. शाळेतून आल्यावर संध्याकाळी मी फोन स्टीलच्या डब्याला टेकवायची, मुलीला समोर बसवायची, चित्रांची कार्डं काढायची. ताई मला सांगायच्या, मी मुलीला सांगायची. आणि मी मराठीत सांगायची. मला वाटत होतं की हिला आधीच ऐकायला कमी, त्यात दोन भाषांचा गोंधळ कशाला? ताई मराठी बोलतात, अंगणवाडी मराठी आहे, गाव मराठी आहे. तेव्हा मी घरात फर्मान काढलं की मुलीशी सगळ्यांनी मराठीतच बोलायचं.

माझी भावजय त्या तासाला स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. अधूनमधून चहा आणून द्यायची. ती सातवीपर्यंत शिकलेली, मोठी झाली ती दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यात. मराठी समजते, पण बोलताना अडखळते.

तीन महिन्यांनी पुण्याला गेलो. ऑडिओलॉजिस्टनी यंत्रं संगणकाला जोडली. यंत्र रोज किती तास चालू होतं याची नोंद यंत्रातच राहते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "रोज किती वेळ घालता?" मीच उत्तर दिलं, "दिवसभर." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. रोजची सरासरी जेमतेम दोन तास होती. मूल जागं असेल तोवर यंत्र कानात हवं, म्हणजे या वयात दिवसाचे दहा-बारा तास.

त्या खोलीत मला जी शरम वाटली, ती कॉपी करताना पकडलेल्या विद्यार्थ्यालाच माहीत असेल. घरी येऊन शांतपणे विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. सकाळी यंत्रं घातली की मुलगी ओढून काढायची. हरवतील, मोडतील या भीतीने भावजय ती डबीत ठेवायची. पाहुणे आले की अम्मी ती काढून ठेवायची, "लडकी जात है, कल को रिश्ता आएगा तो लोग क्या बोलेंगे." मग मी शाळेतून आले की यंत्रं पुन्हा कानात जायची. मुलीचं ऐकणं हा माझा तास झाला होता. आपा आल्या की ऐकायचं, आपा गेल्या की बंद.

पुढच्या कॉलला थेरपिस्ट ताई म्हणाल्या, "मॅडम, आज तुम्ही जरा बाजूला बसा. फोन आईच्या हातात द्या."

मला ते लागलं. मी उठून पलंगावर जाऊन बसले. ताईंनी भावजयीला विचारलं, "तुम्ही हिला आंघोळ घालता तेव्हा तिच्याशी काय बोलता?" भावजय गप्प. ताई थांबून राहिल्या. शेवटी ती खाली बघत म्हणाली, "आपा बोले मराठी में बोलो. मेरे को उत्ती नई आती. तो मैं चुपच रहती."

मी भाषा शिकवणारी बाई. एका आईला तिच्याच लेकीसमोर मुकं करून बसले होते.

ताईंनी जे सांगितलं ते प्रत्येक पालकाने आणि माझ्यासारख्या प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावं. मुलाशी त्या भाषेत बोला, जी तुमच्या तोंडातून सहज वाहते. जिच्यात तुम्ही रागावता, लाड करता, गाणं गुणगुणता. तोडकीमोडकी, मोजून मापून बोललेली भाषा मुलाला कमी मिळते आणि वाईट मिळते. घरची भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या खांद्यावर उभी राहते. कमी ऐकू येणारी मुलंही दोन भाषा शिकतात, दोन्ही त्यांच्या कानावर पुरेशा पडल्या पाहिजेत एवढंच. हे मी बीएडला मातृभाषेतून शिक्षण या धड्यात पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

आणि अम्मीच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच दिवशी मिळालं. फोनवरून मुलाला शिकवत नाहीत. फोनवरून आईबापाला शिकवतात. त्याचं कारण अगदी साधं आहे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून येणारा आवाज हा खरा आवाज नसतो. नेटवरून येताना त्याची काटछाट होते, आणि आधी जातात ते 'स', 'श' यांसारखे बारीक, उंच आवाज. नेमके तेच आवाज अशा मुलांना सर्वांत कमी ऐकू येतात. म्हणजे पुण्यातल्या थेरपिस्टचा आवाज मुलीसाठी उपयोगाचा नाहीच. तिला लागतो समोर बसलेल्या माणसाचा जिवंत आवाज. ताई फक्त बघतात, सांगतात, चुकलं तर थांबवतात. बोलायचं ते घरच्यांनीच.

रोज सकाळी यंत्र घातल्यावर करायची एक छोटी तपासणी आहे. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने ती बसवली. सहा आवाज: आ, ऊ, ई, म, श, स. मुलाच्या मागे किंवा बाजूला बसायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक आवाज काढायचा. ऐकू आला की मुलाने डब्यात एक ठोकळा टाकायचा. 'म' आणि 'ऊ' हे खालच्या पट्टीचे, 'श' आणि 'स' वरच्या पट्टीचे, बाकीचे मधले. या सहांत बोलण्याची जवळजवळ सगळी पट्टी येते. एखादा आवाज काल येत होता आणि आज येत नसेल, तर बॅटरी, नळी, साचा बघायचा, सर्दी झाली आहे का बघायचं. दोन मिनिटांचं काम, पण ते घरात रोज हजर असलेल्या माणसाचंच काम.

भावजयीला मी हे सहा आवाज तिला येणाऱ्या अक्षरांत लिहून दिले: अलिफ, वाव, ये, मीम, शीन, सीन. मदरशात शिकलेला कायदा तिला पाठ होता. ती हसली. उर्दूत 'स' तीन आहेत, से, सीन आणि स्वाद. आपल्या तोंडात तिघांचा उच्चार एकच. दरवर्षी मुलं मला विचारतात, "टीचर, आवाज एक तो हर्फ तीन क्यों?" मी त्यांना तीन 'स' घोटवून घेत होते आणि माझ्या घरातली मुलगी एका 'स'साठी अडली होती.

मग घर हळूहळू बदललं. आमचं घर रस्त्याच्या जवळ. ट्रक, टीव्ही, मिक्सर, कुकरची शिटी. यंत्र सगळ्यांनाच मोठं करतं, बोलणं तेवढं उचलून दे असं त्याला सांगून चालत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि जवळ आलं की तेवढाच वाढतो. म्हणून दुसऱ्या खोलीतून ओरडायचं नाही, हाताच्या अंतरावर येऊन नेहमीच्या आवाजात बोलायचं. दिवसा टीव्ही बंद झाला. कार्डं मी कपाटात ठेवून दिली. भावजय पीठ मळताना, कांदा चिरताना, केस विंचरताना बोलू लागली. "पानी गरम है. देख, धुआं निकल रा. हात नक्को लगा." दिवसभरात एवढं बोलणं माझ्या एका तासात कधीच झालं नसतं.

बापाचं काय? दर सोमवारी कॉलच्या वेळी भाऊ कंपनीत असायचा. २०२४ ची १ जानेवारी सोमवारी आली. दरवर्षी या दिवशी पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि नगर रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडून वळवतात. त्या दिवशी कंपनीची बस आली नाही आणि भाऊ घरी राहिला. नेट अडखळत होतं, चित्र मधेच थांबायचं. ताई म्हणाल्या, "आज बाबांनी खेळायचं." भाऊ ओशाळला. लेकीला पाठीमागून काय हाक मारावी हेही त्याला सुचेना. मग त्याने जे रोज करायचा तेच केलं, चावीचा जुडगा खिशात टाकला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "जाऊं मैं?" मुलगी पाठमोरी बसली होती. चावी वाजली नव्हती. ती वळली आणि म्हणाली, "नक्को."

ही काही जादू नव्हती. मागचे कित्येक आठवडे ती 'नक्को' दिवसातून शंभर वेळा ऐकत होती. पण भावाने ते पहिल्यांदा स्वतःसाठी ऐकलं. त्यानंतर तो शिफ्ट बदलून घेऊ लागला, आणि बॅटऱ्या कधी संपतात हे त्याला माझ्याआधी कळू लागलं. आणि तो शब्द ना निव्वळ माझ्या मराठीचा होता, ना निव्वळ भावजयीच्या दखनीचा. 'नको' आपल्या दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे.

एक गोष्ट आपल्या समाजाशी मोकळेपणाने बोलायला हवी. निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न होता, दोष कुणाचा? बोट अर्थातच भावजयीकडे गेलं. ग्रहणात बाहेर गेली होती, अमुक खाल्लं होतं. माझे भाऊ आणि भावजय नात्यातले, मामेबहीण आणि आतेभाऊ. जन्मतः असलेल्या बहिरेपणात निम्म्याच्या आसपास कारणं आनुवंशिक असतात, आणि जवळच्या नात्यात लग्न झालं की आईबाप दोघांकडून एकच दोष मुलात उतरण्याची शक्यता वाढते. असे विवाह फक्त मुसलमानांत होतात असंही नाही, मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. आणि अजिबात नातं नसलेल्या जोडप्यालाही असं मूल होऊ शकतं. तेव्हा हा कुणाचा गुन्हा नाही. पण आनुवंशिकता दोन्ही बाजूंची असते आणि ताने मात्र एकटीला मिळतात. ज्या आईने दिवसाचे दहा तास मुलाशी बोलावं अशी अपेक्षा आहे, तिला आधी गुन्हेगार ठरवून तिचं तोंड उघडेल कसं? आमच्याकडे एका कॉलला ताईंनी अम्मीलाच समोर बसवलं आणि बरंच काही नीट समजावलं. त्यानंतर पाहुण्यांसमोर यंत्र काढणं बंद झालं. आता अम्मी स्वतःच सांगते, "चश्मा आँख का, ये कान का."

दुरून आईबापाला शिकवण्याची ही कल्पना मोबाइलच्याही आधीची आहे. अमेरिकेत नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मतः बहिरा होता. त्याची आई लुईस ट्रेसी यांनी १९४२ मध्ये लॉस एंजेलिसला अशा मुलांच्या पालकांसाठी केंद्र काढलं आणि पुढच्याच वर्षी टपालाने मोफत पाठ पाठवायला सुरुवात केली. आईने घरी पाठ करायचा, मुलाचं काय झालं ते पत्राने कळवायचं, उत्तराबरोबर पुढचा पाठ यायचा. आपल्याकडे वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाक् आणि श्रवणाचं काम करते. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्याआधी अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू. मुंबईतच अझीझा तय्यबजी हैदरी यांनी मुलांना ऐकण्यातून बोलायला शिकवणारी ऑरेड ही संस्था उभी केली. ही नावं मी मुद्दाम लिहिते. 'ये अपने लोगों का काम नई' असं जिथे म्हटलं जातं तिथे ती सांगता यावीत म्हणून. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, देशात दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि व्हिडिओ कॉलवरचा सल्ला सर्वत्र रुळू लागला.

पण फोनने सगळं होतं असं कुणी समजू नये. बेरा फोनवर होत नाही. कानाचा साचा मूल वाढतं तसा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं, नवा साचा घ्यायला जावंच लागतं. कानात मळ आहे का, पू आहे का, हे डॉक्टरांनीच बघायचं. काही मुलांना यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही, त्यांना कॉक्लिअर इम्प्लांट लागतं. केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रासाठी आणि लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते, ती जरूर मागावी. काही मुलं भारतीय सांकेतिक भाषेत फुलतात. ती हार नाही, तीही पूर्ण भाषा आहे. मात्र तिथेही घराला ती शिकावी लागतेच. कुठलाही रस्ता घ्या, घर बाजूला राहून चालत नाही.

आणि शेवटची अडचण सर्वांत मोठी. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत चांगला फोन एकच असतो, आणि तो सकाळी बापाच्या खिशात बसून एमआयडीसीत जातो. दुपारच्या कॉलला आईकडे फोनच नसतो. कुठे फोन असतो, पण बाईच्या हातात नेट कशाला, असा घराचा कायदा असतो. श्रवणयंत्रासाठी कर्ज काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याच माणसांना बायकोच्या हातात फोन देणं जड जातं. अशा घरात मशीदीतून किंवा शाळेच्या पालकसभेतून कुणीतरी शब्द टाकायला हवा. मी आता पालकसभेत टाकते.

भाची आता बालवाडीत जाते. तिचा 'स' अजून घसरतो, गर्दीत ती बावरते, रागावली की यंत्रं अजूनही काढून फेकते. पुढचा रस्ता मोठा आहे. मागच्या महिन्यात जवळच्या गावातली एक मराठी आई, जिच्या मुलाला नुकतंच यंत्र लागलं, घरी आली. ती माझ्याकडे आली होती, मॅडमकडे. मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं. तासभर दोघी आत बोलत होत्या, भावजय तिच्या अडखळत्या मराठीत, ती बाई तिच्या. मी चहा केला आणि दारात नेऊन दिला.